वाढलेली बांगडी

दिवाळीच्या आधी दिवाण भिंतीपासून सरकवला की त्याच्यामागून वर्षभर हरवलेलं काय काय निघतं. पेनांची टोपणं, कानातल्याची एक फिरकी, वाळून खडा झालेलं बोर. यंदा बांगडीचा तुकडा निघाला. बोटाच्या दोन पेरांएवढा, हिरवागार, वरच्या सोनेरी ठिपक्यांची ओळ निम्मी पुसलेली. आमच्या घरात काचेच्या बांगड्या भरणारं आता कुणी उरलेलं नाही. हा कुणाच्या हातातला, किती वर्षांचा, काही कळेना. झाडणारी बाई तो सुपलीत घ्यायला वाकली तसा मी घाईनं उचलला, पदराला पुसला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. काचेच्या आत एक बारीकसा बुडबुडा अडकलेला होता.

मग पुढची झाडझूड तिथंच राहिली.

आम्हा पोरींसाठी असा तुकडा म्हणजे माल होता. हातपंपाच्या ओट्याभोवती, शाळेच्या मैदानावर, देवळाच्या पायऱ्यांवर डोळे जमिनीला लावून आम्ही फिरायचो. ज्या घरी लग्न निघालेलं असेल आणि कासार बांगड्या भरायला आलेला असेल, त्या अंगणात दहा-वीस तुकडे हमखास मिळत. हात दाबून, करंगळीचा सांधा वळवून तो चुडा चढवायचा. त्यात चार-दोन टिचायच्याच. त्या वेचायला आम्ही चटईच्या कडेला बसून राहायचो. हिरवे तुकडे एकीकडे, लाल एकीकडे, आणि क्वचित कधी सापडलेला निळा तर मुठीतच. साठवायला डबा गोरसपाकाचा. वर्ध्याबाहेरच्या माणसाला गोरसपाक समजावून सांगणं अवघड आहे. दिसायला बिस्किट, पण गाईच्या तुपामुळं तोंडात ठेवल्याबरोबर भुगा होऊन विरघळणारा. पाहुणे आले की तो यायचा, संपला की रिकामा डबा कुणाचा यावरून भांडण व्हायचं, आणि ते भांडण आत्या मिटवायची. डबा स्वतःकडे ठेवून.

उन्हाळ्यात संध्याकाळी लाईन गेली की आत्या मेणबत्ती लावायची. चिमणी घरात होती, पण तिची काजळी काचेला धरते म्हणून या कामाला मेणबत्तीच. आम्ही भोवती कोंडाळं करून बसायचो. ती एका हातात छोटा चिमटा आणि दुसऱ्या हातात स्वेटर विणायची सुई घ्यायची. तुकड्याचं एक टोक चिमट्यात, मधला भाग ज्योतीच्या वरच्या टोकाशी. बराच वेळ काहीच होत नसे. मग काचेचा रंग बदलायचा, हिरवी काच आधी पिवळट आणि मग नारिंगी दिसू लागायची, आणि सुईनं जरासं रेटलं की कडक, कापणारी, रक्त काढणारी ती वस्तू गुळाच्या पाकासारखी वळायची. दोन्ही टोकं जवळ आली की कडी तयार. पुढचा तुकडा त्या कडीत ओवून मग वळवायचा. अशी कडीत कडी. गरम कडी गार फरशीवर ठेवली की टच्‌ आवाज करून चिरते, म्हणून शेजारी चुलीतली कोमट राख पाटीत पसरलेली असायची. राखेत ठेवून दम धरायचा. आम्हाला तो धरवत नसे. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून एक पांढरा वण आहे.

त्या साखळ्यांचं आम्ही काय करायचो? गळ्यात घालायचो, एकमेकींना नवरी करायचो, कंबरपट्टा म्हणून फ्रॉकवर बांधायचो आणि रडत परत आणायचो, कारण काच ती काच. शेवटी त्या सगळ्या आत्याच्या खिडकीला तोरण होऊन लटकायच्या. पहाटे वारा सुटला की किणकिणायच्या.

आमच्या घरात बांगडी फुटली असं म्हटलेलं चालत नसे. फुटली शब्द तोंडातून निघाला की आजी लगेच म्हणायची, "वाढली म्हनाव." बांगडी वाढते. नारळ वाढवतात. रात्री दुकान बंद करायचं तर ते वाढवतात. कुंकू पुसलं जात नाही, तेही वाढतं. मराठीनं काही वस्तूंना मोडायची परवानगीच दिलेली नाही. त्यांच्या बाबतीत शेवट सांगायची वेळ आली की ती वाढीचा शब्द पुढे करते. सोन्याला मात्र भाषा अशी जपत नाही. सोनं सरळ मोडतात. पाटल्या मोडून घर बांधलं, गोफ मोडून पोराची फी भरली, एकदाणी मोडून बैलजोडी घेतली. यात कुणाला काही अशुभ वाटत नाही. ज्याची किंमत ठरलेली आहे ते मोडायचं आणि जे मोडीत कुणी घेणार नाही ते वाढवायचं, असा काही हिशेब यात आहे की काय, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

आत्याचं लग्न १९६३ सालचं. त्या जानेवारीत सरकारनं सुवर्णनियंत्रण आणलं होतं आणि नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली होती. चीनच्या लढाईनंतरचे ते दिवस. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. आजीच्या पाटल्या मोडून लेकीला नव्या घडवायचं ठरलं होतं ते राहून गेलं, कारण मोडल्या असत्या तर नव्या १४ कॅरेटच्याच झाल्या असत्या. तेव्हा आहे तोच जुना नग पुसून, पिवळा करून तिच्या हातात चढला. तीन वर्षांनी ती माहेरी परत आली तेव्हा तो नग सासरीच राहिला होता. सव्वीस वर्षांची होती. तिच्या बांगड्याही वाढल्या होत्या.

मला हे सगळं खूप उशिरा कळलं. लहानपणी आत्या म्हणजे आत्या, तिचे हात मोकळेच असायचे, मोकळेच हात असणारी बाई असते असं मी धरून चालले होते. एकदाच, मी आठवी-नववीत असेन, मेणबत्तीपाशी बसलेली असताना ती काचेकडे बघत, जणू काचेलाच, बोलली होती, "वाढल्या म्हंतात वं सारे. मंग वाढलेल्या कुठी गेल्या?" मी काही बोलले नाही. काय बोलायचं ते कळण्याचं माझं वय नव्हतं, आणि आज वय आहे तरी कळतं असं नाही.

ती शिवणकाम करायची. मशिनच्या पायाशी जे जे पडे ते तिच्या डब्यांत जाई. जुन्या शर्टांची बटणं, शिंपल्याची, प्लॅस्टिकची, कोटाची चार भोकांची मोठी. विरलेल्या साडीचे जरीचे काठ. तुटलेल्या चेनचे पितळी दात. सीताफळाच्या बिया, चिंचोके. पण तिचा खरा खजिना आर्वी नाक्याकडच्या एका वाइंडिंगच्या दुकानातून येई. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना ठाऊक आहे, मे महिन्यात माणसाच्या आधी कूलरची मोटार जळते. जळालेल्या मोटारीतून जुनी तार उपसून नवी भरतात. ती उपसलेली तांब्याची तार तो दुकानदार किलोवर भंगारात घालायचा, त्यातली मूठभर आत्यासाठी बाजूला ठेवायचा. कुठं काळी पडलेली, कुठं लालसर, कुठं जुन्या ठुशीसारख्या तांबूस-सोनेरी झाकेची. आत्या ती चिंच-मिठानं घासायची, दोन पदर एकत्र पिळायची आणि त्याच्यात बटणं, बिया गुंफायची. सीताफळाची बी तेल लावून फडक्यानं घासत बसलं की अशी काळी चमकते की पोतीतल्या मण्याला लाजवेल. तिच्याभोवती तांब्याचे दोन वेढे घेतले की डूल झाला.

"फेकून कायले देतं वं?" हे तिचं वाक्य आमच्या घरात इतकं घासलं गेलं होतं की कुणी ते ऐकतच नसे. पण तिचं फेकू न देणं कंजूषपणाचं नव्हतं. आजी दोरीचे तुकडे साठवायची ते उद्या लागतील म्हणून. आत्याला लागतील ही चिंता नव्हती. ती वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायची, उजेडात धरायची, कानापाशी वाजवायची. हिच्यात अजून काय आहे, एवढंच तिला बघायचं असे.

तान्ह्या पोळ्याला तर तिचं घर कारखाना होई. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा. लाकडी नंदीबैल चाकांवर ओढत घरोघर न्यायचे आणि बोजारा मागायचा. हे विदर्भाबाहेर फारसं कुणी जाणत नाही. नागपूर रस्त्याकडच्या सिंदी रेल्वेला तर माणसाहून उंच नंदी निघतात. आमचा नंदी हातभर. पण त्याच्या साजाची चर्चा आठवडाभर चालायची. चहाच्या पुड्यातल्या चांदीचं बेगड शिंगांना, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ठोकून सपाट करून त्यांची घुंगरमाळ, जुन्या ब्लाऊजच्या पाठीची झूल, तिच्यावर टिकल्या, आणि कपाळावर आरशाचा तुकडा. एका वर्षी तिनं नंदीच्या गळ्यात माझ्या आवडत्या निळ्या काचेची साखळी घातली. मी रुसले. ती म्हणाली, "बैलाले देलं ते तुलेच देलं." तेव्हा पटलं नाही. पण चौकात सगळे नंदी ओळीनं उभे असताना ऊन त्या निळ्या काचेवर आलं आणि शेजारच्या पोराच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळे ठिपके नाचायला लागले, ते मात्र अजून दिसतं.

दागिना म्हणजे माणसाच्या अंगावरच असला पाहिजे हा हट्ट आपल्या परंपरेलाही नव्हताच. बैलाला साज, देवाला साज, गौरीला साज. संक्रांतीला नव्या नवरीला आणि बोरन्हाणात तान्ह्याला हलव्याचे दागिने घालतात, काळ्या कापडावर पांढरा काटेरी हलवा. मुकुट, बाजूबंद, हार, सगळं साखरेचं. संध्याकाळपर्यंत अर्धं पोरांच्या पोटात गेलेलं असतं. कुणी त्याचा तोळा काढत नाही. आणि तोळा तरी काय! जुन्या काळचा सोनार गुंजेनं तोलायचा. ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. म्हणजे तोळाभर सोन्याच्या पलीकडच्या पारड्यात रानातल्या वेलीच्या ९६ बिया पडलेल्या असत, लाल, टोकाशी काळा ठिपका घेतलेल्या. त्या बियांची आम्ही माळ केली तर आजी हिसकून घ्यायची, कारण गुंज पोटात गेली तर विष. पण मला गंमत वाटायची ती ही की इतकी सुंदर बी सोनाराच्या पारड्यात आयुष्यभर बसली, आणि दागिना ठरली ती समोरची.

आत्या शिवायला बसायची त्या खोलीतून सायकलवर निघालं तर मगनवाडी जवळच. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ तिथं सुरू झाला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं काम करत. हातकागद तिथं होत असे. चिंध्या आणि जुना कागद भिजवून, कुटून, लगदा चाळणीवर उचलून पुन्हा कागद. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. शाळेतून आम्हाला तिथं नेत. चरखे, घाण्या, चुलींचे नमुने आम्ही रांगेत बघत जायचो आणि बाहेर पडल्यावर पेरू खायचो. आत्याला मी एकदा विचारलं होतं, तू गेलीस का तिथं. गेली होती. तिला तिथं लक्षात राहिला होता कागदाचा लगदा. वापरून संपलेली गोष्ट पाण्यात भिजली की पुन्हा कोरी होते, हे तिला फार आवडलं होतं. सेवाग्रामचा म्हातारा आलेल्या पाकिटांच्या आतल्या बाजूवर लिहायचा, हेही तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. हे ती देवाच्या गोष्टीसारखं सांगायची नाही. शेजारच्या घरातल्या एखाद्या नीटनेटक्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगायची.

या गावाचं आणि दागिन्यांचं नातं मला नेहमी अवघड वाटत आलं आहे. सोनं उतरवून ठेवण्याचं हे गाव. बजाजांच्या घरात जमनालालजींनी सुचवलं आणि जानकीदेवींनी अंगावरचं सोनं काढलं ते कायमचं. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजी हरिजनकार्यासाठी देशभर फिरायला निघाले ते वर्ध्याहून, आणि वाटेत सभांमधून बायका बांगड्या, कानातली, साखळ्या उतरवून झोळीत टाकत गेल्या. केरळात वडकऱ्याला कौमुदी नावाच्या १६ वर्षांच्या मुलीनं जानेवारी १९३४ मध्ये अंगावरचं सगळं काढून दिलं, आणि पुन्हा घालणार नाही असं सांगितलं. पलीकडे पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५१ च्या सुमाराला प्रयोग मांडला त्याचं नावच कांचनमुक्ती. पैशाशिवाय, बैलाशिवाय, हातानं खणून जेवढं पिकेल त्यावर जगायचं. त्यानंतर ते पायी तेलंगणात गेले आणि भूदान सुरू झालं.

हे सारं मोठं आहे. मी ते मानते. पण माझ्या आत्याच्या हातातून गेलेलं तिनं झोळीत टाकलेलं नव्हतं. देणाऱ्या बाईचा मोकळा हात आणि काढून घेतलेल्या बाईचा मोकळा हात लांबून सारखेच दिसतात. वर्ध्यात, जिथं साधेपणाला इतका मान होता, तिथं तर आणखीच सारखे दिसत. लोक तिला म्हणायचे, किती साधी राहते. तेव्हा ती खाली मान घालून काज करत असायची.

म्हणून मला या गोष्टीत कस्तुरबा जवळच्या वाटतात. १९०१ साली दक्षिण आफ्रिका सोडताना लोकांनी भेटी दिल्या, त्यात बांसाठी सोन्याचा हार होता. तो परत करायचा ठरला तेव्हा बा भांडल्या होत्या. सुना येतील, त्यांना काय घालू, हा त्यांचा प्रश्न होता. आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मी राबले ती सेवा नव्हती का, हाही. गांधीजींनी आत्मकथेत ते भांडण लपवलं नाही. हार गेलाच. पुढं सेवाग्रामला बापूकुटीजवळ बांची छोटीशी कुटी झाली, आणि हातात राहिल्या काचेच्या बांगड्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच बा गेल्या. अस्थी गोळा करताना राखेत त्यांच्या पाच बांगड्या अखंड सापडल्या, असं तिथं असलेल्यांच्या आठवणींत आहे. मेणबत्तीच्या ज्योतीवर काच वळते हे मी स्वतः पाहिलेलं, म्हणून मला त्या पाच बांगड्यांचं आश्चर्य इतरांहून जास्त वाटतं. भाषेनं वाढणार म्हणून ठरवलेली वस्तू चितेतही वाढली नाही.

आत्यानं कागदाचे मणी करायला सुरुवात केली ती माझं कॉलेज संपत आलं तेव्हा. कुणी शिकवलं ठाऊक नाही. कॅलेंडरचं पान घ्यायचं, कारण तो कागद जरा जाड आणि गुळगुळीत. पट्ट्या कापायच्या त्या त्रिकोणी, एका टोकाला बोटभर रुंद आणि निमुळती होत दुसऱ्या टोकाला सुतासारखी. रुंद टोक सुईवर ठेवून गुंडाळत जायचं. एक एक वेढा आधीच्यापेक्षा किंचित अरुंद पडतो आणि मणी आपोआप मध्ये फुगीर, टोकाशी बारीक होतो, बोरमाळेतल्या मण्यासारखा. शेवटी मैद्याची खळ, सुई हळूच काढून घ्यायची, वाळला की वरून रंगहीन नेलपॉलिशचा हात. रविवारचे लाल आकडे मण्यात जाऊन लाल रेघ होत. कुठं एकादशीतलं 'का' दिसे, कुठं एखाद्या पाककृतीतला 'चमचा'. मी पुढं किती तऱ्हेचे मणी पाहिले, विकत घेतले, पण महिन्याचे महिने असे गोल गुंडाळून हातात येताना दुसरीकडे पाहिले नाहीत.

१९९३ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. मांडवात आत्या आली ती फिकट निळ्या साडीत, आणि गळ्यात मण्यांची माळ. गेल्या वर्षाच्या कॅलेंडरची बारा पानं. जानेवारी मानेच्या मागं एका बाजूला, डिसेंबर दुसऱ्या बाजूला, आणि उन्हाळा बरोबर छातीवर. सत्तावीस वर्षांत तिच्या गळ्यात कुणी काही पाहिलं नव्हतं. लांबच्या नात्यातल्या एक वयस्क काकू होत्या, त्यांनाही जावई बघण्याआधी ते दिसलं. त्या जवळ आल्या आणि माळेकडे बोट दाखवून बघत राहिल्या. आत्या म्हणाली, "कागद हाय, बाई."

काकूंनी हात लावून पाहिला. काचेचं काय, काळ्या मण्यांचं काय, सोन्याचं काय, हे कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं होतं. कागदाबद्दल कुणी काहीच ठरवलेलं नव्हतं. जोडवी नव्हती ती, डोरलं नव्हतं, पोत नव्हती. त्या माळेला नाव नव्हतं, म्हणून मनाईही नव्हती. काकूंनी मणी बोटांत फिरवला आणि थोड्या वेळानं विचारलं, "किती दिवस लागले?" त्याही वाढल्या बांगड्यांच्याच होत्या, हे मला माझ्या लग्नाच्या गडबडीत लक्षातही आलं नाही. पुढच्या दिवाळीला त्यांच्याकडून आत्याला निरोप आला, कॅलेंडर जपून ठेवलं आहे.

आता घरातल्या टाकाऊ वस्तूंचे दागिने प्रदर्शनात मिळतात. कागदाचे, बटणांचे, तांब्याच्या तारेचे. हात चांगले आहेत त्या मुलींचे, मी आवर्जून थांबते, घेते. एकदा एका मुलीनं सांगितलं की जुनं मासिक वाटावं असं छापलेला नवा कोरा कागद त्या घाऊक आणतात, कारण सगळ्या माळा सारख्या यायला हव्यात. तिची अडचण खरी होती. पण मी ती माळ परत ठेवली. मला त्यात कुणाचा तरी मंगळवार हवा होता.

१२ फेब्रुवारीला आत्या पवनारला जायची, तब्येत होती तोवर दर वर्षी. १९४८ साली त्या दिवशी इथं धाम नदीत गांधीजींच्या अस्थी सोडल्या. तेव्हापासून त्या दिवशी लोक स्वतः कातलेल्या सुताची गुंडी आणून देतात, सूतांजली. एक गुंडी म्हणजे ६४० तार. आत्या कातायची नाही फारशी, पण बघायला जायची. पाहुण्यांचा सत्कार करायचा तर सुताचाच हार घालायची इथली रीत. समारंभ संपला की तो हार गळ्यातून निघून सुताच्या ढिगात जातो, ढिगातून मागावर. १८१३ साली प्रशियातल्या बायकांनी नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी सोनं दिलं तेव्हा त्यांना बदली लोखंडाचे दागिने मिळाले आणि ते त्यांनी मिरवले, असं मी पुढं कुठं तरी वाचलं. आमच्या गावानं बदली सूत दिलं. फुलांचा हार दुपारपर्यंत कोमेजतो, सोन्याचा तिजोरीत जातो. सुताचा हार पुढच्या वर्षी कुणाच्या तरी अंगावर सदरा होऊन फिरत असतो, आणि त्या सदऱ्याला ठाऊकही नसतं की आपण कधीकाळी दागिना होतो. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली असती, त्यात काय, चिंधी झाली की पुन्हा कागद होईल, मी मणी करीन. म्हणाली असती असं मी म्हणते. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

तिच्या खिडकीचं तोरण माझ्याकडे आहे. गोरसपाकाच्या एका जुन्या डब्यात, कापसात गुंडाळून. चौतीस कड्या. शेवटची कडी नेहमी उघडी असते, पुढची ओवायची म्हणून. ती तशीच उघडी राहिली आहे.

काल संध्याकाळी सगळी झाडझूड आटपल्यावर मी मेणबत्ती लावली. लाईन होती, मीच दिवा बंद केला. चिमटा भुवयांचा होता, सुई गोधडी शिवायची. दिवाणामागून निघालेला हिरवा तुकडा ज्योतीच्या टोकाशी धरला. बराच वेळ काहीच झालं नाही, इतका वेळ की वाटलं, आताच्या मेणबत्त्यांत दम नाही, नाही तर माझ्या हातात नाही. मग हिरवा पिवळट झाला. तुकडा तोरणाच्या उघड्या कडीत ओवून सुईनं रेटला. तो वळला, पण वाकडा; एक टोक दुसऱ्याला भेटता भेटता बाजूला सरकलं. उदबत्तीच्या पात्रातली राख गोळा करून, कोमट करून ताटलीत पसरली होती, तीत ते सगळं अलगद टेकवलं.

काचेतला तो बुडबुडा अजून आत आहे की गेला, ते राख झाडल्याशिवाय दिसायचं नाही. हात मात्र लावायचा नाही अजून. आत्या असती तर तिनं माझं मनगट धरून ठेवलं असतं.